आजरोजी हयात

दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचं मला बँकेत जाऊन कळवावं लागतं. याला माझी हरकत नाही. सरकार पैसे देतं, तेव्हा घेणारा जागेवर आहे की नाही हे विचारायचा त्याला हक्क आहे. माझी तक्रार किरकोळ आहे आणि ती शब्दाबद्दल आहे. घरी मी जिवंत असतो. बँकेत मी 'हयात' असतो. जिवंत माणसाला सकाळी दोनदा चहा लागतो, त्याचा गुडघा दुखतो, खालच्या मजल्यावरच्याने गाडी आडवी लावली की त्याचं डोकं फिरतं. हयात माणसाला फक्त सही करता आली पाहिजे.

पद्धत अशी आहे. राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी कोषागारातून बँकेत येते. तिच्यात आपलं नाव शोधायचं आणि समोर सही ठोकायची. हात कापत असेल तर अंगठा. पुन्हा कुठे नोकरी धरली आहे का, हेही सांगायचं असतं. पंच्याहत्तरीची माणसं तो रकाना वाचून क्षणभर ताठ होतात. गेल्या खेपेला माझ्या वरच्या नावापुढे लाल शाईत 'मयत' लिहिलेलं होतं. गृहस्थ आमच्याच खात्यातले, पाटबंधाऱ्यातले; गंगापूर धरणाच्या कालव्यावर आम्ही एकत्र उन्हं खाल्लेली. ते गेल्याची बातमी मला त्या रकान्यात कळली. मी थबकलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही खालच्या ओळीत. वरचे ऑफ झालेत."

मराठीत मरणाची केवढी चंगळ आहे! माणूस जातो, वारतो, खपतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते, तो कैलासवासी होतो, वैकुंठवासी होतो, त्याची प्राणज्योत मालवते, आणि आता तो ऑफही होतो. घराणं, पंथ आणि मागे राहिलेली इस्टेट पाहून शब्द निवडता येतो. असण्यासाठी मात्र एकच क्रियापद. "बाबा कसे आहेत?" "आहेत." तेवढ्यावर सत्तर-ऐंशी वर्षं काढायची.

असण्या-नसण्याचा प्रश्न मराठी रंगभूमीवर सगळ्यात मोठ्या आवाजात विचारला तो 'नटसम्राट'नं, १९७० साली. ते लिहिणारे शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, आमच्या नाशिकचे. जन्म पुण्याचा, पण ते आम्ही पुणेकरांना फारसं आठवू देत नाही. अप्पा बेलवलकरांना तो प्रश्न पडला तेव्हा त्यांच्या मदतीला रंगमंच होता, प्रकाशयोजना होती, समोर भरलेलं नाट्यगृह होतं. आमच्या हातात टोकन असतं, आणि उत्तर काळ्या शाईत, चौकटीच्या बाहेर न जाता द्यायचं असतं.

कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बायकांचं आणखी अवघड. त्यांच्याकडून हयातीबरोबर पुनर्विवाह केला नसल्याचंही लिहून घेतात. आमच्या सोसायटीतल्या एक आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, वॉकर घेऊन येतात. बँकेतल्या साहेबांना त्या दरवर्षी विचारतात, "तुमच्या पाहण्यात आहे का कोणी?" साहेब दरवर्षी शिक्का मारतात.

केंद्राच्या पेन्शनरांना हे घरबसल्या उरकता यावं म्हणून नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' निघालं. आधी त्यात बोट टेकवायचं होतं. पण आयुष्यभर कांदे काढून किंवा भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजतात, म्हणजे जो जास्त जगला त्याचा पुरावा कमी. म्हणून २०२१ पासून चेहरा चालतो. मोबाइलसमोर बसायचं आणि डोळ्यांची उघडझाप करायची. आमचे मेहुणे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. देशातल्या लोकांना आपण कोण हे पटवून द्यायला लागणारे पासपोर्ट आणि स्टॅम्प पेपर तिथे छापतात. तर ते मेहुणे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर खुर्चीत ताठ बसलेले, आमची ताई फोन धरून समोर. "अहो, मिटा डोळे!" त्यांनी मिटले. ते मिटलेलेच. "उघडा की आता! असे मिटून काय बसलात, अभद्र कुठले!" दारात दूधवाला उभा होता. तो हळूच पिशवी ठेवून निघून गेला. दुपारपर्यंत सोसायटीतल्या दोघीजणी भेटायला येऊन गेल्या.

सरकारी मराठीला हसणाऱ्यांतला मी नाही. 'आदेशार्थ सादर' लिहून मी पेन्शन मिळवली आहे. ती भाषा बांधेसूद आहे. कालव्यात सोडलेलं पाणी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचलं नाही, तर लोक म्हणतात पाणी चोरलं. आम्ही त्याला 'वहनव्यय' म्हणायचो. चोरी, गळती, उंदरांनी पोखरलेले भराव, सगळं त्या एका शब्दात सामावून जायचं आणि कुणाच्या भावना दुखावायच्या नाहीत. इतक्या सोशिक भाषेला माणूस तेवढा नीट लिहिता येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

'हयात' हा शब्द अरबी. असल्या शब्दांना दप्तरातून घालवायचे प्रयत्न थोडेथोडके झाले नाहीत. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडे राज्यव्यवहारकोशाचं काम दिलं, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश. पुढे आमच्या शेजारच्या भगूरचे सावरकर भाषाशुद्धीला लागले; 'महापौर' आणि 'दिनांक' ही त्यांची देणगी. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० ला, भाषा संचालनालय निघालं आणि त्यानं कारकुनाचा लिपिक केला. या सगळ्यांना पुरून 'हयात' उरला. माझ्या कागदावर एका कोपऱ्यात सावरकरांचा 'दिनांक' असतो, मध्यभागी अरबांची 'हयात', आणि दोघं एकमेकांकडे न बघता नांदतात. दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांचं याहून वेगळं काय असतं!

'इसम'चं तर नवलच. अरबीत इस्म म्हणजे नाव. पोलिसांच्या मराठीत इसम म्हणजे ज्याचं नाव ठाऊक नाही तो. नाव कळेपर्यंत इसम, कळलं की आरोपी, आणि कुणीच न्यायला आलं नाही तर बेवारस. हरवलेल्या इसमाचं वर्णन पेपरात येतं तेही पाहण्यासारखं असतं: वर्ण सावळा, बांधा मध्यम, नाक सरळ, अंगात पांढरा शर्ट, पायात चप्पल, मराठी बोलतो. हे कात्रण घेऊन सीबीएस बसस्थानकावर उभं राहिलं तर कळवणची गाडी लागेपर्यंत बसभर सापडतील. 'नाक सरळ' मात्र आमच्याकडे खूण म्हणून चालत असावी. शूर्पणखेचं नाक जिथे कापलं त्या गावाला त्यावरून नाव पडलं, असं पंचवटीत कुणीही सांगेल.

आता सातबारा. निफाड तालुक्यात आमची थोडी जमीन आहे. वडील लवकर गेले तेव्हा आम्ही भावंडं लहान, म्हणून उताऱ्यावर आमच्या नावापुढे चुलत्यांचं नाव 'अ.पा.क.' अशा शेऱ्यासह लागलं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालक कर्ता. त्यातला अज्ञान मी. कायद्यात मूल लहान नसतं, अज्ञान असतं. १८७५ च्या कायद्याप्रमाणे अठरा पुरी झाली की त्या मध्यरात्री ते सज्ञान होतं. मीही झालो असणार. पण उताऱ्याला कुणी कळवलं नाही. मी मॅट्रिक झालो, खात्यात लागलो, लग्न झालं, मुलं झाली, चुलते वारले, मी सेवानिवृत्त झालो, आणि निफाड तालुक्यात मी अज्ञानच राहिलो. सासुरवाडीला हे कसं कोण जाणे आधीपासून माहीत होतं.

शेरा काढायला गेलो. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेब वयानं माझ्या मुलाएवढे. म्हणाले, "बाबा, सज्ञान झाल्याचा पुरावा लागंल."

मी टोपी काढून डोकं दाखवलं.

"ते नाही चालत. शाळा सोडल्याचा दाखला आणा." शाळा सोडल्याचा दाखला. अज्ञान संपल्याचा पुरावा म्हणून शाळा सोडावी लागते, हे मी तोवर ऐकून होतो, कागदावर पाहिलं नव्हतं.

त्याच उताऱ्यावर मी 'भोगवटादार वर्ग १' आहे. आयुष्यात पहिला वर्ग मिळाला तो तिथेच, अज्ञान असताना. शेजारच्या रकान्यात 'पोटखराबा' आहे: मालकीची, पण पिकाच्या उपयोगाची नसलेली जमीन. खडक, नाला, बांध. अशी नोंद माणसाच्या बाबतीत का नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. लग्न जमवताना तर फारच सोय होईल. एकूण क्षेत्र एवढं, पैकी पोटखराबा एवढा, पुढे मुलीकडच्यांनी ठरवावं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये महसूल खात्यानं मोहीम काढली. उताऱ्यावरची मयतांची नावं कमी करून वारसांची लावायची. मोहिमेचं नाव 'जिवंत सातबारा'. मी ते पुन्हा वाचलं. म्हणजे जिवंत हा शब्द सरकारला ठाऊक आहे. जपून ठेवलेला होता, आणि काढला तो कागदासाठी. माणूस हयात, सातबारा जिवंत. वारसांची नोंद होते गाव नमुना सहा-क मध्ये. तिथे माणसाची ओळख एवढीच की तो कुणाच्या तरी मागे राहिला.

मायेचे शब्द सरकारकडे नाहीत असं म्हणायची मात्र सोय राहिलेली नाही. २०२४ पासून राज्यात 'लाडकी बहीण' आहे. खात्याच्या भाषेत एवढी माया मी कधी पाहिली नव्हती. आमच्या वेळी फार तर 'लाभधारक' असायचे. पण लाडकेपणालाही निकष आहेत. एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर बहीण लाडकी होते आणि पासष्ट पूर्ण झाल्यावर राहत नाही. घरात चारचाकी असेल तर लाड बंद. ट्रॅक्टर असेल तर चालू. मध्यंतरी पेपरात 'अपात्र लाडक्या बहिणी' असा मथळा आला होता. भावाबहिणींच्या नात्यावर आमच्याकडे ओव्या आहेत, भाऊबीज आहे, पण हा शब्दप्रयोग बहिणाबाईंच्या डोक्यात आला नसता. आमच्या ताईनं तो वाचला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू बोलला नाहीस कधी, हे निघाले स्पष्टवक्ते."

ताई अडुसष्टची आहे.

व्याकरणाची एक तक्रार इथेच उरकतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. पुढचं मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं नाशकात नगरसेवक नावाचा प्राणी नव्हता. होते ते 'माजी' आणि 'भावी'. मेहेर चौकापासून पाथर्डी फाट्यापर्यंत फ्लेक्सवर भूतकाळ आणि भविष्यकाळ हात जोडून उभे, वर्तमानकाळाची जागा रिकामी. आमच्या गल्लीतलं गटार त्या काळात तुंबलं. ते वर्तमानकाळात तुंबलं हीच अडचण झाली. माजी म्हणाले, आता आपल्या हातात नाही. भावी म्हणाले, येऊ द्या एकदा निवडून. गटाराला दोन्ही काळ समजेनात.

फ्लेक्सवरची विशेषणं मी सोडून देतो. 'कार्यसम्राट' या शब्दाचा अर्थ लावायचा प्रयत्न आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींनी केला होता. त्यातून दोघांचं बोलणं बंद आहे.

पेपर उघडला की मी पहिल्यांदा निधनवार्ता वाचतो. या वयात तेवढंच पान आपल्या ओळखीच्यांचं असतं. तिथलं गद्य ठरलेलं. अल्पशा आजाराने किंवा वृद्धापकाळाने. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. बातमी माणसाची, पण तो कसा होता हे त्यात नसतं, तो नसताना कोण आहे हे असतं. असलंच तर एक विशेषण: मनमिळाऊ. पाटबंधाऱ्यातले आमचे ते सोबतीही, मागाहून जुनं कात्रण शोधलं तर, मनमिळाऊ निघाले. या गृहस्थांनी एकदा शाखा अभियंत्याच्या अंगावर मोजणीची साखळी फेकली होती. आवर्तनाच्या पाण्यावरून भर रात्री हातात कंदील घेऊन टेलच्या शेतकऱ्यांच्या बाजूने भांडायला ते एकटे गेले होते. चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवायचे. यातलं काही छापायचं तर ओळीमागे दर पडतो, आणि मनमिळाऊ एका शब्दात बसतं. पुढची ओळ: अंत्यविधी अमरधाम येथे. जिथे माणूस जाळतात त्या जागेला अमरधाम म्हणणारं गाव शब्दांच्या बाबतीत काटेकोर असेल, अशी अपेक्षा माझीच चुकीची असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन असतो. आमच्या भागातल्या एका कार्यालयात यंदा त्या निमित्तानं सूचना लागली होती: 'सर्व संबंधितांनी उपस्थित राहावे.' मी बराच वेळ तिच्यासमोर उभा होतो. मराठीशी आपण संबंधित आहोत की नाही, हे ठरवणारा कागद कुठल्या खिडकीवर मिळतो ते लिहिलेलं नव्हतं.

आता जनगणना येते आहे. २०११ नंतर थेट ही, सोळा वर्षांनी. मी तिची वाट पाहत होतो, कारण जनगणनेत निदान हयात-मयत विचारत नाहीत. दार उघडलं म्हणजे आहे असं धरतात. पण वर्गवारी वाचली आणि तिथेही तेच. जनगणनेच्या हिशेबात माणसं दोन जातींची: काम करणारी आणि काम न करणारी. काम न करणाऱ्यांत विद्यार्थी, पेन्शनर, भिकारी आणि स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका एका पंगतीला. पेन्शनर आणि भिकारी शेजारी बसवले याबद्दल मी काही म्हणत नाही. महागाई भत्त्याची थकबाकी पाहता ते दूरदृष्टीचंच आहे. पण फ्लॅटच्या करारनाम्यात वकिलांनी आमच्या हिच्या नावापुढे 'धंदा : घरकाम' असं लिहिलं होतं. निबंधकांच्या कचेरीत हिला धंदा आहे, जनगणनेत काम नाही. दोन्ही कागद सरकारदरबारचेच.

हे मी हिला वाचून दाखवलं. ही मेथी निवडत होती. पूर्ण ऐकून घेतलं, देठ बाजूला काढले, आणि म्हणाली, "असं लिहिलंय का त्यांनी? मग उद्यापासून लिहिल्याप्रमाणेच वागते."

गणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, मध्यरात्र असा जाहीर झाला आहे. तोवर दोन्ही वेळचा स्वयंपाक पूर्वीप्रमाणे सुरू राहावा, अशी विनंती मी तोंडी केली आहे. ती लेखी मागण्यात आली आहे.